जोड्यावर आलेला आळ

बल्लारपुरात स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. मापाचे जोडे, चपला, सँडल करून द्यायचो. तिथं बसून आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "मनोहरभाऊ, जोडा चावते जी." भाव जास्त सांगता, असंसुद्धा लोक इतक्या वेळा म्हणाले नसतील.

जोडा चावतो हे खरं आहे. पण त्याच्या चावण्याची एक रीत असते. टाचेला फोड येतो, करंगळीच्या बाजूची कातडी सोलते, नाहीतर नखावर दाब पडतो. सकाळी घातलेला जोडा दुपारी कुरकुरतो आणि संध्याकाळी चावतो. पाय बाहेर काढला की मालक सुटला. गिऱ्हाईक पाय पुढे करायचं आणि चूक माझ्या फर्म्याची की त्याच्या घाईची, हे मला बहुतेक वेळा दिसायचं.

फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. त्यावर कातडं ताणून जोडा उभा करतात. त्याआधी माप. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, पायाभोवती पेन्सिल फिरवायची, मग पट्टीनं अंगठ्याच्या मुळाशी आणि वर कमानीवर घेर घ्यायचा. दोन्ही पायांचा घ्यायचा, कारण कुणाचेच दोन पाय सारखे नसतात. माप शक्यतो संध्याकाळी घ्यायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचा पाय सकाळच्यापेक्षा चांगला फुगलेला असतो. सकाळच्या मापाचा जोडा संध्याकाळी शिव्या खातो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. जिवतीकडच्या डोंगरात एक गुरुजी होते, त्यांना टायरचा सोल लागायचा. दर पावसाळ्यानंतर यायचे आणि म्हणायचे, "सोल काई झिजत नाई, वरचं कातडं सडून जाते. सोल मले तसाच ठेव, जोडा नवीन कर." एकदा काझीपेटकडे जाणाऱ्या गाडीतला एक प्रवासी, गाडी बराच वेळ थांबणार असं ऐकून, उसवलेला बूट शिवायला आला. अर्धी शिवण झाली आणि गाडीनं शिटी दिली. तो एक पाय बुटात आणि एक मोज्यात असा पळत सुटला. बूट काखेत मारून मी मागे. डब्याच्या दारात त्याच्या हातात बूट दिला तेव्हा सुई त्यातच लोंबत होती.

पण खरं सांगायचं आहे ते नामदेवभाऊंच्या अंगठ्याचं.

नामदेवभाऊ आमच्या भागाचे पोस्टमन. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. फोन मोजक्या घरी होते, त्यामुळे पोस्टमनला जो मान होता तो आता सांगून पटायचा नाही. त्यांच्या करुणाचं लग्न मे महिन्यात ठरलं. मुलगी शिकलेली, बालवाडीत शिकवायची. मुलगा पोंभुर्ण्याकडचा, घरी धानाची शेती. नामदेवभाऊ दुकानात आले आणि म्हणाले, "मनोहर, जिंदगीभर चपला घासल्या. पोरीच्या लग्नात मले लेसवाले जोडे पायजे. काळे. असे चमकले पायजे का पोरीचा सासरा आधी माह्या पायाकडं पाह्यला पायजे."

मी त्यांच्यासाठी जीव ओतून जोडे केले. मऊ कातडं, आत अस्तर, अंगठ्याजवळ जरा ऐसपैस, कारण पोस्टमनचा पाय चालून चालून पसरलेला. घातले, दुकानात चार येरझारा घातल्या, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "घातले असं वाटूनच नाई राह्यलं बे." माझ्या धंद्यात याच्यापुढे शाबासकी नाही.

जोडे रुळावेत म्हणून तेच घालून ते पत्रिका वाटायला निघाले. लग्नाला पंधरवडा उरला होता. एके सकाळी मी एका गिऱ्हाइकाला कागदावर उभं करून पेन्सिल फिरवत होतो, तोच दारात सायकलरिक्षा थांबली. आत नामदेवभाऊ, उजवा पाय ओल्या पंच्यात गुंडाळलेला, शेजारी त्यांच्या बायको गिरजाबाई मांडीवर ते जोडे घेऊन बसलेल्या.

"मनोहर!" नामदेवभाऊ रिक्षातूनच ओरडले. "तुह्या जोड्यानं माहा पाय खाल्ला!"

माझ्या समोरच्या गिऱ्हाइकानं कागदावरचा पाय हळूच उचलून घेतला आणि "मी उद्या येतो" म्हणून काढता पाय घेतला. लगीनसराईचे दिवस होते, दोन बाकडी भरलेली होती. ती बघता बघता रिकामी झाली.

मी बाहेर जाऊन पंचा उलगडला. अंगठ्याचं मूळ टम्म सुजून लालबुंद झालं होतं, वरची कातडी ताणून चकाकत होती. मी बोट लावायला गेलो तर भाऊ किंचाळले. "हात नोको लावू! हवा लागली तरी जीव जाते. झोपलो तवा चांगला होतो, उठलो तं हे असं. चादरसुद्धा सहन होऊन नाई राह्यली."

"काल जोडे घातले होते?"

"मंग! दिवसभर."

मी जोड्यात हात घालून आतला सगळा भाग बोटांनी चाचपला. खिळा वर आला का, शिवणीची गाठ राहिली का. काही नव्हतं. पायावर फोड नव्हता, साल निघाली नव्हती. पण घातला माझा जोडा आणि सुजला पाय, एवढं तर सगळ्या रस्त्यानं पाहिलं होतं. चूक कुठं झाली हे मला दिसेना आणि म्हणून मी जास्तच घाबरलो. दुकानाची फळी लावली आणि रिक्षामागून सायकल घेऊन दवाखान्यात गेलो. भाऊंच्या पायाची काळजी होती, तशीच माझ्या जोड्याचीही होती.

डॉक्टर वयस्क, शांत. त्यांनी लांबूनच पाय नीट पाहिला. लागलं होतं का, ठेच, काटा, विंचू, सगळं विचारलं. ताप पाहिला. जांघेत गाठी आहेत का ते पाहिलं. मग विचारलं, "गेल्या आठवड्यात खाणंपिणं काय झालं?"

"जेवन? साधंच जी," भाऊ म्हणाले.

"साधं?" गिरजाबाई उसळल्या. "डॉक्टरसाहेब, पत्रिका वाटाले गेले तं घरोघरी मटन. पोस्टमनच्या पोरीचं लगन म्हून कोनी कोंबडा कापते, कोनी बकऱ्याची कलेजी वाढते. हे कोनाले नाई म्हनत नाई. आन् पानी पेत नाई, उनाचे फिरते तरी."

डॉक्टरांनी मान हलवली. "गाऊट असावा अशी शंका येते."

गिरजाबाई झटकन नवऱ्याकडे वळल्या. हळू पण धारदार आवाजात म्हणाल्या, "गावठी? तुमी गावठी पेले?"

"कोनी? मी?" भाऊ पाय विसरून अर्धे उठले आणि पुन्हा विव्हळत बसले. "बाबासायबाची आन, मी थेंब नाई घेतला! डॉक्टरसाहेब, सांगा न हिले!"

डॉक्टर हसून हसून चष्मा पुसायला लागले. "गावठी नाही हो बाई, गाऊट. दुखण्याचं नाव आहे. रक्तात युरिक ॲसिड नावाची गोष्ट वाढली की तिचे बारीक खडे सांध्यात बसतात आणि सांधा एका रात्रीत असा पेटतो. पायाचा अंगठा ही त्याची आवडती जागा. दारूनं वाढतं, पण न पिणाऱ्यालाही होतं. कलेजी आणि उन्हातलं न प्यालेलं पाणी यांनी काम केलं असेल. पण मी आजच नक्की सांगत नाही. रक्त चंद्रपूरला पाठवू. गोळ्या देतो. गोळ्यांनी किती लवकर उतरतं, त्यावरूनही कळेल."

मी विचारलं, "म्हणजे जोड्यानं नाही ना साहेब?"

"जोडा सांध्याच्या आत कसा चावेल?"

मला इतकं हलकं वाटलं की डॉक्टरांच्या पायातले जुने सँडल फुकट शिवून द्यावेत असं मनात आलं. पण गिरजाबाईंचा चेहरा उतरलेलाच होता. त्यांनी दाराकडे बघून हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, हत्तीपाय तं नसन?"

आमच्या सगळ्या जिल्ह्यात हत्तीरोग गावोगाव होता. डासांमुळे होणारा आजार, पण लोक त्याला खानदानाशी जोडायचे. सुजलेला पाय दिसला की सोयरीक मोडायची. डॉक्टर म्हणाले, तो असा एका रात्रीत अंगठ्यावर येत नाही. तरी मनाच्या शांतीसाठी त्याचंही रक्त तपासू. ते रात्री घ्यावं लागतं, सरकारी माणूस घरी येऊन घेईल.

आता झालं असं की हत्तीरोगाचा माणूस भाऊंच्या घरी येऊन गेला हे मोहल्ल्यानं पाहिलं, आणि मोहल्ल्यातून बातमी पोंभुर्ण्याला पोचली. पत्रापेक्षा लवकर पोचली. मुलाचे वडील तुळशीरामजी भेटायला येतो म्हणाले. कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

गिरजाबाई माझ्या दुकानात आल्या. बाकावर टेकल्या आणि पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "भाऊ, रिपोट अजून आला नाई. गाऊट म्हटलं तं त्याहिले समजन का? मलेच गावठी ऐकू आलं. तुमी म्हना न, जोडा चावला म्हून. जोड्याचं काय, त्याले कोन पोरगी देऊन राह्यलं?"

मी दोन दिवस ज्या आळातून सुटायला धडपडत होतो, तोच स्वतः होऊन डोक्यावर घ्यायचा होता. सरळ सांगतो, मला फार जड गेलं. माझ्याकडे शेत नव्हतं, डिग्री नव्हती. होतं ते एवढंच, की मनोहरचा जोडा चावत नाही. पण करुणा लहान असताना तिच्या पहिल्या चपला मीच केल्या होत्या. मी हो म्हणालो.

तुळशीरामजी राजदूत मोटारसायकलवर आले. आडव्या अंगाचे, थोडं बोलणारे. खाटेवर नामदेवभाऊ उशीवर पाय ठेवून बसले होते. गोळ्यांनी लाली उतरली होती, सूज थोडी उरली होती. चहा झाला. तुळशीरामजींनी पायाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्यांच्या न विचारण्यानंच मी घाईला आलो.

"माझीच चूक," मी म्हणालो. "जोडा घट्ट झाला. अंगठ्याला दाबला. मापात चुकलो मी."

"असं काय?" तुळशीरामजी म्हणाले. "दाखवा बरं जोडा."

जोडे फळीवरच होते. त्यांनी उजवा घेतला, आत बोटं फिरवली, वाकवून पाहिला. मग स्वतःची चप्पल काढून पायात घातला. डावाही घातला. लेस बांधली, उठले आणि अंगणातून फाटकापर्यंत जाऊन परत आले. त्यांचा पाय भाऊंच्याच मापाचा निघेल, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ते माझ्यासमोर थांबले. "हा जोडा कोनाचा पाय दाबन? लोन्यासारखा हाय. मनोहरभाऊ, खोटं काऊन बोलता?"

एकीकडे मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि लाज सोडून सांगायचं तर आत कुठंतरी लोण्यासारखा हा शब्द गोड लागला. गिरजाबाई रडायला लागल्या. भाऊ खाली बघत राहिले. तेव्हा चहाचे कप उचलायला आलेली करुणा कप तसेच ठेवून बोलली.

"काकाजी, बाबाचा पाय काऊन सुजला ते डॉक्टरलेच पक्कं नाई माहीत अजून. गाऊट असन म्हनते. हत्तीरोगाचंबी रक्त घेतलं, हे खरं हाय. रिपोट येईन तो तुमाले दाखवू, जो येईन तो. लपवून मले लगन नाई करायचं."

तुळशीरामजी खाटेच्या कडेला बसले. त्यांनी जोड्यांच्या टोकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माही माय हत्तीपायाची हाय. मले आठवते तवापासून तिचा पाय असाच. तिनंच धानाचा रोवना करून मले शिकवलं. मी काई सोयरीक मोडाले नाई आलो. तुमी पाय लपवून राह्यले असं ऐकलं, तवा मनात आलं, हे लोक माह्या मायले पाह्यतीन तं काय म्हनतीन? ते पाह्याले आलो."

मग नामदेवभाऊंनी एका पायावर उठायचा प्रयत्न केला, तोल गेला, आणि त्यांना धरता धरता दोघे इवाई, म्हणजे व्याही, एकमेकांच्या गळ्यात पडले. दुखऱ्या अंगठ्याला धक्का लागला असणार, कारण भाऊ रडताना मधेच "अय्यो, पाय, पाय" म्हणाले, आणि गिरजाबाईंना रडता रडता हसू फुटलं.

निघताना तुळशीरामजींनी जोडे काढून जागेवर ठेवले आणि मला बाजूला घेतलं. "मले असेच पायजे. पन आधी माह्या मायचं काई होईन का? तिनं जल्मात पायात काई घातलं नाई. तिच्या पायात काईच जात नाई."

पुढच्याच रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. म्हातारीचं नाव सोनाबाई. ओसरीवर बसल्या होत्या, मला बघून त्यांनी पातळ खाली ओढून पाय झाकला.

"आजी, माप घ्यायला आलो."

"काय माप घेतं बापा याचं? मानसाच्या पायाले माप असते."

मी कागद ठेवला. एक पुरला नाही, दुसरा जोडून ठेवला. त्यांनी हळूच पाय वर ठेवला. तळव्याला भेगा होत्या, जुन्या भाजल्याचे डाग होते. उन्हाळ्यात त्या शेतावरून घरी येताना पळसाची पानं टाकून, त्यावर पाय देत यायच्या, असं सुनेनं सांगितलं. मी पेन्सिल फिरवत होतो आणि मला माझीच कमाल वाटत होती. असे पाय माझ्या दुकानासमोरून दर बाजाराच्या दिवशी जात होते. मी मापाचे जोडे करतो म्हणून मिरवत होतो, आणि त्यांचं माप घ्यावं हे कधी मनात आलं नव्हतं.

त्या सँडलनं मला रडवलं. असा फर्मा मिळत नाही. मी जुन्या फर्म्यावर कातड्याच्या पट्ट्या चिकटवून घेर वाढवला. वरून सगळा उघडा ठेवला, आत मऊ कापड लावलं, रुंद पट्टे दिले, सूज कमीजास्त होईल तसे सैल करता येतील असे. खाली टायरचा सोल, पण पातळ केलेला. पहिला बिघडला. दुसरा बरा जमला.

दरम्यान चंद्रपूरचा रिपोर्ट आला. युरिक ॲसिड वाढलेलं होतं आणि हत्तीरोगाचं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी पाय ज्या वेगानं उतरला त्यावरून त्यांची खात्री आधीच पटली होती. भाऊ लंगडत का होईना, कामावर जाऊ लागले, आणि त्यांनी एक काम मनापासून केलं. ज्या घरी पत्र टाकायचे त्या घरी सांगायचे, "पाय जोड्यानं नाई सुजला बरं, कलेजीनं सुजला." बाकडी पुन्हा भरली. काही लोक तर दुकानात येऊन आपलाच अंगठा पुढे करत, "भाऊ, हे गाऊट असन का?" मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता सांगायचो. मी जोड्यांचा माणूस, खड्यांचं मला काय कळतं?

लग्न भर दुपारी होतं. पांढऱ्याशुभ्र मांडवात बुद्धवंदना झाली, वधूवरांनी हार घातले. नामदेवभाऊ काळे लेसवाले जोडे घालून मिरवत होते. पंगतीत मात्र गिरजाबाईंनी त्यांच्यापुढे वरण-भात आणि पाण्याचा मोठा तांब्या ठेवला आणि शेजारी करुणाच्या मावशीला पहाऱ्यावर बसवलं. मटणाचं भांडं पुढून गेलं की भाऊ त्याच्याकडे असं बघत, की जणू मुलगी नव्हे, तेच सासरी निघालं आहे.

वऱ्हाडाच्या शेवटच्या बैलगाडीतून सोनाबाई उतरल्या. मांडव थोडा लांब होता आणि मधली जमीन तव्यासारखी तापली होती. बाकी बायका झपाझपा पाय उचलत सावलीला गेल्या. सुनेनं आधाराला हात पुढे केला, कुणीतरी खुर्ची आणायला धावलं. सोनाबाईंनी हात बाजूला केला. दोन पावलं टाकली, थांबल्या, पायातल्या नव्या सँडलकडे पाहिलं, आणि भर उन्हात तशाच उभ्या राहिल्या.

"आजी, सावलीत चला," मी म्हणालो.

"थांब न बापा," त्या म्हणाल्या. "उभी राहू दे थोडी. आज भुई कुठी गेली रे?"